मेंदूच्या मलेरियात अस्तराचा वाटा

आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायर नावाचे शहर आहे. तिथल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात दर पावसाळ्यात एकाच प्रकारची मुले येऊ लागतात. दोन-तीन दिवस ताप, मग झटके, आणि पाठोपाठ हरपलेली शुद्ध. तपासणारा डॉक्टर मुलाच्या छातीच्या हाडावर दाब देतो आणि तीन गोष्टी बघतो. दुखल्यावर मूल हात त्या जागी नेते का, रडते का, आणि आईच्या चेहऱ्यामागे त्याची नजर फिरते का. तिन्हींचे मिळून पाच गुण असतात. दोन किंवा त्याहून कमी गुण पडले तर मूल खोल बेशुद्धीत आहे असे धरतात. याच शहराच्या नावाने ही मोजणी आज जगभर वापरली जाते. रक्तात प्लाझमोडियम फाल्सिपेरम हा परजीवी सापडला आणि बेशुद्धीचे दुसरे काही कारण दिसले नाही, तर निदान ठरते: मेंदूचा मलेरिया.

उपचार मिळूनही अशा मुलांपैकी साधारण १५ ते २० टक्के दगावतात. जी वाचतात त्यांच्यातल्या अनेकांना पुढे फिट्स येतात, काहींचे बोलणे, चालणे किंवा शिकणे मागे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले होते आणि तिथल्या मृतांमध्ये दर चारांपैकी तीन मुले पाच वर्षांखालची होती.

या आजारात एक विलक्षण कोडे आहे. मलेरियाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीच्या आत राहतो आणि तांबडी पेशी रक्तवाहिनीच्या आत. मेंदूच्या चेतापेशींपर्यंत तो जातच नाही. मेंदूज्वराच्या जिवाणूसारखा तो मेंदूत घुसखोरी करत नाही. तरीही मेंदू सुजतो, काम थांबवतो आणि कधी कधी मरतो. परजीवी आणि मेंदू यांच्यामध्ये उभा आहे तो पेशींचा एकच पातळ थर, म्हणजे रक्तवाहिनीचे आतले अस्तर. कोड्याचे उत्तर बऱ्याच अंशी या अस्तरातच दडलेले आहे.

तुंबलेल्या वाहिन्या

फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फाँस लावराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात, रुग्णाच्या रक्तात हा परजीवी पहिल्यांदा पाहिला. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्याचा माग काढला. याच काळात रोममध्ये एत्तोरे मार्कियाफावा आणि अमिको बिन्यामी हे दोघे मलेरियाने दगावलेल्या रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. मेंदूतल्या केशवाहिन्या परजीवीग्रस्त तांबड्या पेशींनी खच्चून भरलेल्या त्यांना दिसल्या. वाहिनी तुंबली, प्राणवायू थांबला, मेंदू गुदमरला, असा सरळ अर्थ त्यातून निघाला.

त्या निरीक्षणात काही चूक नव्हती. शतकभरानंतर, २००४ मध्ये, टेरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लँटायरमधल्या ३१ मुलांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही सगळी मुले मेंदूच्या मलेरियाने गेली असे निदान झालेले होते. त्यांतल्या २४ मुलांच्या मेंदूत ग्रस्त पेशी वाहिन्यांत अडकलेल्या सापडल्या. उरलेल्या सात मुलांचा मृत्यू दुसऱ्याच कारणाने झाला होता, त्यांच्या रक्तात परजीवी तेवढे होते. खरा मेंदूचा मलेरिया जिवंतपणी ओळखण्याची सर्वांत चांगली खूण डोळ्याच्या पडद्यावर मिळते, हेही याच कामातून पुढे आले. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच विस्तार आहे. तिथल्या वाहिन्यांचा उडालेला रंग, फिकट पडलेले चट्टे आणि मधोमध पांढरे असलेले रक्तस्रावाचे ठिपके मेंदूत काय चालले आहे ते सांगून जातात.

पण नुसत्या तुंबण्याने सगळ्याचा उलगडा होत नाही. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा काही तास थांबला तर तो भाग कायमचा जातो. मेंदूच्या मलेरियात मात्र एक-दोन दिवस खोल बेशुद्धीत असलेले मूल औषधाने शुद्धीवर येते आणि आठवडाभरात घरी चालत जाते, असे पुष्कळदा घडते. म्हणजे तुंबण्यासोबत आणखी काहीतरी घडत असले पाहिजे, आणि ते बरेचसे उलटवता येण्याजोगे असले पाहिजे.

चिकटण्याची सोय

फाल्सिपेरम परजीवी तांबड्या पेशीत शिरल्यापासून सुमारे ४८ तासांत आपली वाढ पूर्ण करतो. सुरुवातीला ग्रस्त पेशी रक्तातून मोकळी फिरते. नंतर मात्र ती ताठर होत जाते. अशा पेशी वेचून काढणे हे पानथरीचे, म्हणजे प्लीहेचे, काम असते. तिथे जाणे टाळायचे तर एखाद्या बारीक वाहिनीत मुक्काम ठोकणे हाच परजीवीपुढचा मार्ग. म्हणून तो एक प्रथिन तयार करून तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर पाठवतो. तिथे बारीक उंचवटे तयार होतात आणि त्यांवर हे प्रथिन बसते. त्याचे नाव पीएफईएमपी-१.

या प्रथिनासाठी परजीवीजवळ सुमारे ६० वेगवेगळी जनुके असतात. एका वेळी तो साधारण एकच वापरतो आणि शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली की दुसऱ्यावर जातो. प्रत्येक रूपाची चिकटण्याची जागाही वेगळी असते. काही रूपे शरीरभरच्या वाहिन्यांत सापडणाऱ्या सीडी-३६ या रेणूला धरतात आणि त्यांच्यामुळे सहसा साधा ताप येतो. काही मात्र मेंदूच्या अस्तरावरचे रेणू नेमके पकडतात. त्यांत दोन रेणू महत्त्वाचे आहेत, आयकॅम-१ आणि ईपीसीआर.

चिकटलेल्या पेशी रक्ताच्या प्रवाहातून गायब होतात. त्यामुळे बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात परजीवी थोडेच दिसतात आणि मेंदूत मात्र त्यांची गर्दी झालेली असते. काचपट्टीवरच्या आकड्यावरून आजार सौम्य आहे असे मानणे म्हणूनच धोक्याचे ठरू शकते.

अस्तराचे रोजचे काम

माणसाच्या मेंदूतल्या केशवाहिन्या एका रेषेत मांडल्या तर त्यांची लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरेल, म्हणजे साधारण मुंबईपासून हैदराबादपर्यंतचे हवाई अंतर. या साऱ्या लांबीला आतून अस्तरपेशींचा एकेरी थर असतो. शरीराच्या इतर भागांत या पेशींमध्ये बारीक फटी असतात. मेंदूत या पेशी क्लॉडिन-५ आणि ऑक्लुडिनसारख्या प्रथिनांनी घट्ट सांधलेल्या असतात. बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी आणि तारकापेशींचे पाय त्यांना वेढून असतात. मेंदूला साखर आणि प्राणवायू मिळतो, बाकी बहुतेक रेणूंना दारातच अडवले जाते. यालाच रक्त-मेंदू अडसर म्हणतात.

अस्तरपेशी आणखी बरेच काही करतात. रक्त कुठे गोठावे आणि कुठे गोठू नये हे त्या ठरवतात. वाहिनी किती रुंद असावी याचे इशारे त्या देतात. कुठे जंतुसंसर्ग झाला तर पांढऱ्या पेशींना बोलावणारे रेणू त्या सोडतात आणि आलेल्या पेशींना पकडण्यासाठी पृष्ठभागावर आकडे उभे करतात. आयकॅम-१ हा असाच एक आकडा आहे. म्हणजे परजीवी ज्या आकड्याला अडकतो, तो शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी उभारलेला असतो.

दाहाचे दुष्टचक्र इथूनच सुरू होते. ग्रस्त पेशी फुटली की तिच्यातून परजीवीचा मलबा बाहेर पडतो. पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात आणि टीएनएफसारखे दाहकारक रेणू सोडतात. टीएनएफ अस्तरापर्यंत पोहोचला की अस्तर आणखी आयकॅम-१ उभारते. जास्त आकडे म्हणजे आणखी ग्रस्त पेशी चिकटणार, आणि चिकटलेल्या पेशी फुटल्या की पुन्हा मलबा आणि पुन्हा टीएनएफ. थायलंडमध्ये दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या ज्या वाहिन्यांत ग्रस्त पेशी अडकल्या होत्या तिथेच आयकॅम-१ वाढलेला होता.

रक्षण करणारा रेणू अडवला जातो

२०१३ मध्ये या गोष्टीला नवे वळण मिळाले. गंभीर मलेरियाशी जोडलेली पीएफईएमपी-१ची रूपे अस्तरावरच्या ईपीसीआर या रेणूला धरतात असे त्या वर्षी सिद्ध झाले. ईपीसीआरचे नेहमीचे काम संरक्षणाचे आहे. प्रोटीन-सी नावाच्या रक्तातल्या प्रथिनाला तो जवळ धरतो आणि सक्रिय व्हायला मदत करतो. सक्रिय झालेले प्रोटीन-सी रक्ताच्या गाठी आवरते, शिवाय अस्तरपेशींना शांत राहण्याचा आणि सांधे घट्ट ठेवण्याचा संदेश देते.

परजीवीचे प्रथिन ईपीसीआरवर जवळपास त्याच जागी बसते जिथे प्रोटीन-सी बसायला हवे. संरक्षणाचा संदेश थांबतो. मग रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनचे पारडे जड होते. थ्रॉम्बिन अस्तराला उलटा संदेश देते: सांधे सैल करा, दाह वाढवा. वाहिनीत तंतूंच्या बारीक गाठी धरू लागतात आणि भिंत झिरपू लागते.

मग हे मेंदूतच एवढे का घडते? मलावीतल्या मुलांच्या अभ्यासातून याचे एक पटणारे उत्तर मिळाले. मेंदूच्या बारीक वाहिन्यांत ईपीसीआर आणि त्याचा जोडीदार थ्रॉम्बोमॉड्युलिन मुळातच कमी असतात. जिथे ग्रस्त पेशी चिकटल्या होत्या तिथे ते आणखी घटलेले होते. जे संरक्षण आधीच तुटपुंजे आहे ते थोडे जरी गेले तरी तोल जातो. त्वचेखालच्या चरबीत वाहिन्या अशाच तुंबल्या तर तेवढे नुकसान होत नाही. मेंदू मात्र कवटीच्या बंद पेटीत आहे आणि सूज यायला तिथे जागाच नाही.

अस्तरपेशींच्या आत आणखी एक साठा असतो. एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पालाडे यांनी १९६४ मध्ये दाखवलेल्या लांबट पिशव्यांत व्हॉन विलब्रँड घटक आणि अँजिओपोएटिन-२ हे पदार्थ भरून ठेवलेले असतात. अस्तर चिडले की या पिशव्या रिकाम्या होतात. व्हॉन विलब्रँड घटकाचे लांब धागे रक्तबिंबिकांना पकडतात. अँजिओपोएटिन-२ आजूबाजूच्या अस्तरपेशींना अधिक संवेदनशील करते आणि सांधे सैल पाडते. गंभीर मलेरियाच्या रुग्णांच्या रक्तात हे दोन्ही पदार्थ वाढलेले आढळतात, आणि अँजिओपोएटिन-२ची पातळी जितकी वर तितका मृत्यूचा धोका जास्त.

अस्तर स्वतःच धोक्याची हाक देते

इथपर्यंत अस्तर दाहाचा बळी वाटते. टीएनएफ पांढऱ्या पेशींकडून येतो, चिकटणारे प्रथिन परजीवीकडून. गेल्या काही वर्षांतल्या संशोधनाने मात्र अस्तरपेशी स्वतः दाह सुरू करतात हे स्पष्ट केले आहे.

परजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खातो. त्यातून हीम हा लोहयुक्त आणि विषारी भाग मोकळा होतो. परजीवी त्याचे स्फटिक करून तो बाजूला ठेवतो. पेशी फुटल्यावर हीम असलेले कण रक्तात पसरतात आणि अस्तरपेशींपर्यंत पोहोचतात. पोर्तुगालमधल्या गुलबेंकियन विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात पुढची पायरी दाखवली. मेंदूच्या अस्तरपेशींत हे हीम स्टिंग नावाची आतली धोक्याची यंत्रणा जागी करते. ही यंत्रणा एरवी विषाणूंच्या वगैरे परक्या डीएनएची चाहूल घेण्यासाठी असते. ती जागी झाली की अस्तरपेशी इंटरफेरॉन-बीटा बनवतात, आणि त्यापाठोपाठ सीएक्ससीएल-१० हा पांढऱ्या पेशींना बोलावणारा रेणू. त्या हाकेला ओ देऊन सीडी-८ प्रकारच्या मारक टी-पेशी मेंदूच्या वाहिन्यांत गोळा होतात.

त्या मारक पेशी अस्तरावर हल्ला का करतात, याचेही उत्तर उंदरांतच सापडले. अस्तरपेशी परजीवीचे तुकडे आत घेतात आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडतात. टी-पेशींच्या नजरेने ती अस्तरपेशीच संसर्गग्रस्त दिसते. खरे तर परजीवी तिच्या आत राहत नाही. तरीही टी-पेशी तिच्यावर वार करते आणि सांधे उघडतात.

उंदरांतला आजार आणि माणसातला आजार तंतोतंत सारखे नाहीत. उंदरांच्या मेंदूतल्या वाहिन्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी जास्त असते, माणसात परजीवीग्रस्त तांबड्या पेशींची. म्हणून उंदरांत जे दिसते ते माणसात तपासून घ्यावे लागते. २०२० मध्ये मलावीतल्या दगावलेल्या मुलांच्या मेंदूंत सीडी-८ पेशी वाहिन्यांच्या अस्तराला लागून सापडल्या, तेव्हा दोन्ही बाजूंचे दुवे बरेचसे जुळले.

कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. मानवी अस्तरपेशी, पेरिसाइट आणि तारकापेशी एकत्र वाढवून त्यांनी रक्त-मेंदू अडसराची छोटी गोलाकार प्रतिकृती तयार केली. आयकॅम-१ आणि ईपीसीआर या दोन्हींना एकाच वेळी धरणाऱ्या ग्रस्त पेशी तिच्यात सोडल्या, तेव्हा अस्तरपेशींनी त्या गिळल्या आणि मग स्वतःच फुगल्या. अडसर ढासळला. मुलांच्या मेंदूची सूज समजून घ्यायला हा महत्त्वाचा धागा आहे.

सूज हेच मृत्यूचे कारण

ब्लँटायरच्या रुग्णालयात एमआरआय यंत्र आल्यावर मेंदूचा मलेरिया झालेल्या १६८ मुलांच्या मेंदूंच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलांपैकी २५ दगावली आणि त्या २५ पैकी २१ मुलांचा मेंदू भरतीच्या वेळीच खूप सुजलेला होता. सुजलेला मेंदू कवटीत खाली ढकलला जातो, श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठावर दाब येतो आणि मूल श्वास थांबून जाते. जी मुले वाचली त्यांच्यापैकीही काहींना सूज होती, पण ती दोन-तीन दिवसांत ओसरली. अस्तर सावरले की अडसर पुन्हा उभा राहतो. बेशुद्ध मूल आठवड्यात चालत घरी कसे जाते, या कोड्याचा उलगडा इथे होतो.

मोठ्या माणसांत चित्र थोडे वेगळे असते. ओडिशातल्या राउरकेलाच्या रुग्णांच्या एमआरआय अभ्यासांत, दगावलेल्या प्रौढांच्या मेंदूत प्राणवायूच्या अभावाने झालेली इजा जास्त ठळक दिसली. अस्तराचा आजार दोन्हीकडे आहे, त्याचा शेवट वयानुसार बदलतो.

उपचारांनी शिकवलेले धडे

दाह वाईट आहे तर तो दाबून टाकावा, असे कोणालाही वाटेल. डॉक्टरांनाही तसेच वाटले होते. डेक्सामेथासोन हे दाह दाबणारे स्टिरॉइड थायलंडमध्ये मेंदूच्या मलेरियाच्या १०० रुग्णांवर काटेकोर चाचणी करून पाहिले गेले. १९८२ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू कमी झाले नाहीत, उलट बेशुद्धी लांबली आणि गुंतागुंत वाढली. पुढे गांबियात टीएनएफविरोधी प्रतिपिंड सहाशेहून अधिक मुलांमध्ये वापरून पाहिले. तिथेही मृत्यू घटले नाहीत आणि वाचलेल्या मुलांत मेंदूची कायमची इजा जास्त आढळली. जो दाह अस्तर फोडतो, त्याचाच काही भाग परजीवी मारण्यासाठी लागतो. सरसकट दाबण्याने दोन्ही जातात.

आजवर निर्विवाद यश मिळाले ते परजीवीला झटपट मारणाऱ्या औषधाने. आर्टेसुनेट हे तू योयो यांच्या शोधातून पुढे आलेल्या आर्टिमिसिनिनचे रूप आहे. या शोधासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. भारतासह चार आशियाई देशांत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर मलेरियाचे मृत्यू क्विनीनने २२ टक्के होते, शिरेतून दिलेल्या आर्टेसुनेटने ते १५ टक्क्यांवर आले. आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांमध्ये ते १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. क्विनीन प्रामुख्याने वाढ झालेल्या परजीवीवर चालते. आर्टेसुनेट कोवळ्या परजीवीलाही मारते, म्हणजे तो अस्तराला चिकटण्याआधीच. या यशाचे मोठे कारण तेच आहे.

पण आधीच चिकटलेल्या पेशी आणि आधीच चिडलेले अस्तर यांवर आर्टेसुनेटचा इलाज नाही. म्हणूनच अनेक मुले रक्त परजीवीमुक्त होत असतानाही दगावतात. पुढचे औषध अस्तराला सांभाळणारे हवे. ईपीसीआरचे संरक्षण टिकवणारे, सांधे घट्ट ठेवणारे किंवा स्टिंगचा इशारा थोडा वेळ थोपवणारे, आणि तेही शरीराची बाकी लढाई न मोडता. आज असे औषध रुग्णाच्या उशाशी उपलब्ध नाही. मात्र निशाणा कुठे धरायचा हे आता कळले आहे, आणि चाळीस वर्षांपूर्वी तेही कळलेले नव्हते.

आपल्या हातात काय आहे

हा आजार आपल्यापासून दूर नाही. महाराष्ट्रात मलेरियाचे मोठे ओझे गडचिरोली जिल्हा वाहतो. एटापल्ली, भामरागड, धानोरा या जंगलाच्या तालुक्यांत फाल्सिपेरम सापडतो आणि पावसाळ्यात तिथल्या अनेक गावांहून रुग्णालय गाठणे कठीण असते. मुले वाचवणाऱ्या साधनांत महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केलेली आर-२१ ही मलेरियाची लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसोबत विकसित केली आणि ती पुण्यातच बनते.

या प्रकरणातले सारे विज्ञान शेवटी वेळेकडे बोट दाखवते. परजीवी कोवळा असतो तोवर तो रक्तात मोकळा फिरत असतो आणि गोळ्यांनी मरतो. तो अस्तराला चिकटला आणि अस्तर चिडले की मग लढाई अतिदक्षता विभागात लढावी लागते आणि तिथेही ती प्रत्येक वेळी जिंकता येत नाही. या दोन टप्प्यांमध्ये फक्त काही दिवसांचे अंतर असते. म्हणून मलेरियाच्या भागात ताप आला तर त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. फाल्सिपेरम निघाला तर ताप उतरला तरी औषधाचा कोर्स पूर्ण करा. झटके आले, मूल गुंगीत गेले, दूध किंवा पाणी पोटात टिकेना, तर सकाळची वाट पाहू नका आणि मांत्रिकाकडे जाण्यात रात्र घालवू नका. मूल तसेच उचला आणि मोठे रुग्णालय गाठा.